वाचक विचारतात: मॅक्रोची प्राध्यापकी

स्थूल अर्थशास्त्रात, म्हणजे सगळे ज्याला ‘मॅक्रो’ म्हणतात त्या विषयात, विद्यापीठात प्राध्यापक होण्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. ‘कोणतं पुस्तक वाचू?’ असं बहुतेकांनी विचारलंय. ‘कोणत्या महिन्यात काय उरकायला हवं?’ हे जवळजवळ कुणीच नाही. या वाटेवर माणसं अडकतात ती मात्र या दुसऱ्या गोष्टीमुळे. त्यामुळे उत्तरांत तारखा आणि मुदती जरा जास्तच दिसतील.

मी सांगलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. गणित दहावीनंतर सोडलं. मॅक्रो शिकवणारी प्राध्यापक व्हायचंय. उशीर झाला का?

उशीर झालेला नाही, पण इथून पुढे गणित टाळून चालणार नाही. बी.ए.च्या पुस्तकात आयएस आणि एलएम या दोन रेषा एकमेकींना छेदतात आणि काम भागतं. एम.ए.नंतर प्रश्नच बदलतो. एखादं कुटुंब आज किती खर्च करेल आणि किती मागे टाकेल हे पुढच्या सगळ्या वर्षांचा विचार करून ठरवतं, आणि उद्याचं उत्पन्न नक्की नसतं. हे सोडवायला बेलमनचं समीकरण लागतं. त्याला उत्तर आहे आणि ते एकच आहे, हे दाखवायला रिअल ॲनालिसिस, म्हणजे काटेकोर सिद्धतांचं गणित, लागतं. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी जे गळतात त्यांच्यातले बरेच याच ठिकाणी गळतात.

सुरुवात बारावी विज्ञानच्या गणिताच्या पुस्तकांपासून करा. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती फुकट मिळतात. त्यातलं कॅल्क्युलस झालं की लिनिअर अल्जेब्रा आणि अनेक चलांचं कॅल्क्युलस घ्या, मग संभाव्यता, शेवटी रिअल ॲनालिसिस. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावर या सगळ्यांचे मोफत अभ्यासक्रम आहेत. आठवड्याला दहा तास दिले तर दीड वर्षात हे होण्यासारखं आहे. फक्त व्हिडिओ बघून ‘समजलं’ असं वाटतं आणि परीक्षेत हात चालत नाही, हे इतक्या वेळा होतं की सांगायलाच हवं: प्रकरणामागची उदाहरणं वहीत सोडवली नसतील तर ते प्रकरण झालेलं नाही.

एम.ए. किंवा एम.एस्सी.साठी गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आणि भारतीय सांख्यिकी संस्था यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा आहेत, आणि दोन्हींत गणिताला मोठं वजन आहे. आयआयटींच्या ‘जॅम’ या प्रवेश परीक्षेत २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर असतो. पुण्याची गोखले संस्था, मुंबई विद्यापीठाचा अर्थशास्त्र विभाग हे पर्यायही घरापासून फार लांब नाहीत. काही अभ्यासक्रमांना बारावीला गणित असण्याची अट असते. माहितीपत्रक आत्ताच वाचा. अट असेल तर एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शाळेतून एकट्या गणिताची परीक्षा दिलेली चालते का, हे त्या संस्थेकडून ईमेलवर लेखी घ्या. फोनवरच्या ‘चालेल हो’ला प्रवेशाच्या दिवशी काही किंमत नसते.

एम.ए. ७४ टक्के, जीआरई क्वांट १६३. अमेरिकेत मॅक्रोमध्ये पीएच.डी.साठी अर्ज करायचाय. खर्च किती येईल आणि कुठे कमी पडतोय? (पुणे)

खर्च अर्ज करण्याचा आहे, शिकण्याचा नाही. बऱ्या विभागांत पीएच.डी.ला फी माफ असते आणि वर विद्यावेतन मिळतं. त्याबदल्यात काही सत्रं अध्यापन साहाय्यक म्हणून काम करावं लागतं. पदरमोड करून पीएच.डी. करायला सांगणारं प्रवेशपत्र आलं, तर ते नाकारलेलंच बरं. अर्जाचं शुल्क बहुतेक ठिकाणी ७५ ते १२५ डॉलर. बारा ठिकाणी अर्ज केले तर हजार-बाराशे डॉलर होतात. शुल्कमाफी बऱ्याच ठिकाणी असते, पण ती आधी मागावी लागते.

जीआरई या प्रवेश परीक्षेच्या गणिती भागात (क्वांट) १६३ कमी पडेल. वरच्या विभागांत जाणाऱ्यांचे गुण साधारण १६७ ते १७० असतात. पुन्हा परीक्षा द्या. पण खरी अडचण बहुधा तिथे नाही, शिफारसपत्रांत आहे. तीन पत्रं लागतात. ‘विद्यार्थी हुशार, मनमिळाऊ आणि वर्गात नियमित’ असं पत्र आलं की समिती पान उलटते. तुमचा कोड कसा होता, आकड्यांतली चूक तुम्ही कशी पकडली, अमुक विद्यापीठात गेलेल्या आधीच्या विद्यार्थ्याच्या तुलनेत तुम्ही कुठे बसता, असं लिहू शकणारा माणूस हवा. असा माणूस मिळवायचा म्हणजे त्याच्या हाताखाली संशोधनाचं काम करायचं. त्यासाठी ‘प्रीडॉक’ नावाच्या दोन वर्षांच्या नोकऱ्या असतात: अमेरिकी विद्यापीठांत, फेडरल रिझर्व्ह या तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या प्रादेशिक बँकांत, आणि आता भारतातल्या संशोधन संस्थांतही. एनबीईआर या अमेरिकेतल्या आर्थिक संशोधन संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांची यादी असते. फेडच्या जागांना मात्र नागरिकत्वाच्या अटी असतात, त्या आधी बघा.

आपल्याकडच्या गुणपत्रिकेचा एक घोळ आहे. तिच्यावर नुसतं ‘पेपर तीन’ छापलेलं असतं. त्या पेपरात कॅल्क्युलस ऑफ व्हेरिएशन्स होतं की भारतीय बँकिंगचा इतिहास, हे परक्या समितीला कळायला मार्ग नाही. एका पानावर तक्ता करून जोडा: पेपरचं नाव, शिकलेले विषय, वापरलेलं पुस्तक, तुमचे गुण आणि वर्गातला क्रमांक. ७४ टक्के म्हणजे आपल्याकडे किती वरचे, हे त्या क्रमांकावरूनच कळतं. टक्क्यांचं ग्रेडमध्ये रूपांतर स्वतः करू नका.

मुदती बहुतेक १ ते १५ डिसेंबरच्या दरम्यान असतात. पत्रांसाठी सप्टेंबरमध्ये विचारा. निकाल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, आणि होकार कळवायची सर्वमान्य शेवटची तारीख १५ एप्रिल. २०२५ पासून काही अमेरिकी विद्यापीठांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या आहेत. म्हणून टूलूझ, बार्सिलोना, बॉन, शिवाय कॅनडातली एम.ए. हे पर्याय यादीत असू द्या. तिकडची दोन वर्षांची मास्टर्स करून पुढे अमेरिकेत जाणारेही पुष्कळ आहेत.

नागपुरात पीएच.डी. करतोय. भारतासाठी न्यू केन्सियन मॉडेल बसवतोय. डायनेर दर वेळी ‘ब्लँचार्ड-कान अटी पूर्ण होत नाहीत’ म्हणून थांबतं. तीन महिने गेले. मार्गदर्शक म्हणतात, आकडे बदलून बघ.

आकडे बदलून बघू नका. (न्यू केन्सियन म्हणजे किमती हळूहळू बदलतात असं धरणारं मॉडेल, आणि डायनेर हा अशी मॉडेलं सोडवणारा प्रोग्राम.) आधी त्या संदेशात काय म्हटलंय ते बघा. ओलिव्हिए ब्लँचार्ड आणि चार्ल्स कान यांनी १९८० मध्ये मांडलेली अट अशी: रेषीय केलेल्या मॉडेलमध्ये ज्या आयगेन मूल्यांचा (मॉडेल स्वतःहून किती वेगाने वाढतं-विरतं ते सांगणाऱ्या आकड्यांचा) आकार एकापेक्षा मोठा आहे, त्यांची संख्या भविष्याकडे बघणाऱ्या चलांच्या संख्येइतकीच हवी. मोठी मूल्यं कमी पडली तर असंख्य उत्तरं निघतात. जास्त झाली तर एकही स्थिर उत्तर नसतं. डायनेरमध्ये ‘चेक’ हा आदेश दिला की ती मूल्यं छापून येतात. कमी आहेत की जास्त, हे आधी मोजा. पुढचा शोध त्यावर ठरतो.

कमी असतील तर पहिला संशय व्याजदराच्या नियमावर घ्या. महागाई एक टक्क्याने वाढली तर रिझर्व्ह बँकेने दर एक टक्क्याहून जास्त वाढवायला हवा, हे टेलर तत्त्व. भारताच्या जुन्या आकड्यांवरून हा गुणक काढला तर तो एकच्या खाली येऊ शकतो, आणि साध्या न्यू केन्सियन मॉडेलमध्ये तसा आकडा घातला की उत्तर अनिश्चित होणारच. इथे प्रोग्राम चुकलेला नाही, तो खरंच सांगतोय. २०१६ नंतरचा काळ, म्हणजे महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य आणि पतधोरण समिती आल्यानंतरचा, वेगळा घेऊन बघा.

मूल्यं जास्त निघाली किंवा संख्या विचित्र आली तर भांडवलाच्या चलाचा काळ तपासा. डायनेरच्या रिवाजात चलाला ज्या तिमाहीचा शिक्का, त्या तिमाहीत त्याचा निर्णय झालेला असतो. या तिमाहीच्या उत्पादनात वापरलेलं भांडवल मागच्या तिमाहीत ठरलं होतं, म्हणून उत्पादनाच्या समीकरणात ‘के’ नव्हे, तर ‘के(-१)’ यायला हवं. पुस्तकातलं समीकरण जसंच्या तसं उतरवलं की नेमकी हीच चूक होते, कारण पुष्कळ पुस्तकांत उलटा रिवाज असतो. डायनेरमध्ये पूर्वनिर्धारित चलं जाहीर करायचा वेगळा आदेशही आहे. तो वापरलात तर पुस्तकी रिवाज चालतो. दोन्ही एकदम केलंत तर पुन्हा तेच. आणि समीकरणांची संख्या चलांइतकी आहे का, एखादं समीकरण वेगळ्या कपड्यांत दोनदा आलंय का, तेही बघा. अर्थसंकल्पाची सगळी बंधनं आणि वर साधनसंपत्तीचं बंधन असं सगळंच लिहिलं की वॉलरासच्या नियमाने एक फालतू होतं, कारण बाकीची पाळली की ते आपोआप पाळलं जातं.

मॉडेल चाललं की भारतीय आकड्यांशी गाठ आहे. अधिकृत तिमाही जीडीपी १९९६-९७ पासूनच मिळतो. अमेरिकेचा १९४७ पासून आहे. म्हणजे तुमच्या हातात सव्वाशेच्या आत निरीक्षणं, त्यातही आधारवर्षं बदललेली. दोन मालिका जोडताना पातळ्या जोडू नका, वाढीचे दर मागे न्या, आणि कोणत्या तिमाहीत जोड दिला ते प्रबंधात लिहा. हंगामी चढउतार तुम्हालाच काढावे लागतात. त्यासाठी अमेरिकी जनगणना कार्यालयाचा एक्स-१३ प्रोग्राम सर्रास वापरतात, पण त्याला ईस्टर ठाऊक आहे, दिवाळी नाही. तिमाही आकड्यांत ते खपून जातं, कारण दिवाळी ऑक्टोबर-डिसेंबरच्या आतच येते. मासिक औद्योगिक उत्पादन निर्देशांकात खपत नाही. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात. कारखान्यांच्या सुट्ट्या एका महिन्यातून दुसऱ्यात गेल्या की निर्देशांक पडतो, आणि नवखा संशोधक त्याला ‘मागणीचा धक्का’ म्हणून मोकळा होतो. त्याच कार्यालयाचा ‘जेनहोल’ नावाचा छोटा प्रोग्राम आहे. त्यात दिवाळीच्या तारखा आणि आधीचे-नंतरचे दिवस दिले की एक चल तयार होऊन मिळतं. ते एक्स-१३ला पुरवायचं. तारखा पंचांगावरून घ्या आणि किमान पंचवीस वर्षांच्या घ्या.

मार्गदर्शकांना हे सगळं कसं सांगायचं? ‘चेक’चा छापील निकाल समोर ठेवा आणि कोणतं मूल्य कमी किंवा जास्त आहे ते दाखवा. वाद आपोआप कमी होतो.

नेट की सेट? आणि तासिका तत्त्वावर किती वर्षं काढायची? (लातूर)

दोन्ही द्या. या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा आहेत. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. ती पास झाल्यावर पात्रता या दोन राज्यांपुरतीच मिळते. नेट देशभर चालते, आणि तिच्यातून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळू शकते: जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००. नेटचे दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न आणि ३०० गुण, सेटचंही तेच. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तरी प्रश्न कोरे सोडणारे दर वर्षी भेटतात.

पीएच.डी. सक्तीची की नाही यावर बराच गोंधळ झाला. सध्याचं असं आहे: विद्यापीठ विभागांत सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. सक्तीची करायचं विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत ठरलं होतं, ते पुढे ढकललं गेलं, आणि जुलै २०२३ पासून नेट, सेट ही किमान पात्रता धरून पीएच.डी. ऐच्छिक ठेवली. एम.ए.ला ५५ टक्के लागतात, राखीव प्रवर्गांना पाच टक्क्यांची सवलत. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने नव्या नियमावलीचा मसुदा काढला, तेव्हा अर्जाच्या दिवशी लागू असलेली अधिसूचना वाचल्याशिवाय काही ठरवू नका.

कागदावर सक्ती नसली तरी पीएच.डी.शिवाय पुढे सरकता येत नाही. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० पासून सुरू होतं. पहिली बढती पीएच.डी. असेल तर चार वर्षांनी, नसेल तर सहा वर्षांनी. सहयोगी प्राध्यापकाची १,३१,४०० ची श्रेणी तिच्याशिवाय मिळत नाही. थेट भरतीतून सहयोगी व्हायचं तर आठ वर्षांचा अनुभव, सात शोधनिबंध आणि ७५ संशोधन गुण. प्राध्यापकाला दहा वर्षं, दहा निबंध आणि १२० गुण.

आता सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्व. जागा रिकाम्या असतात, पण बिंदुनामावली (पदांच्या आरक्षणाचा तक्ता) तपासून यायची, ना हरकत प्रमाणपत्र यायचं, मग जाहिरात, आणि तोवर वर्गावर तासिकेवरचा माणूस. हा अन्याय आहे हे मान्य करूनच पुढचं सांगतो. हा अनुभव पुढे धरला जाईलच असं समजू नका. नेमणुकीचं पत्र, मान्यतेचं पत्र आणि पगार बँकेत जमा झाल्याचा पुरावा, या तिन्हींची फाइल दर सत्राला करा. यातलं एक नसलं की छाननीत अनुभव वजा होतो. तीन महाविद्यालयांत तास घेत बसमध्ये आयुष्य घालवण्यापेक्षा, शिष्यवृत्ती मिळत असेल तर सीएचबी सोडून तीन-चार वर्षांत पीएच.डी. संपवलेली चांगली. २०२२ च्या नियमांप्रमाणे ती कमीत कमी तीन वर्षांत होते.

आणि पैसे घेऊन पंधरा दिवसांत निबंध छापणाऱ्या नियतकालिकांत जाऊ नका. आयोगाने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी बंद केली, म्हणून ‘आता काहीही चालतं’ असा समज पसरलाय. यादी गेली म्हणजे निवड समितीला डोळे उरले नाहीत असं नाही.

मुलगी अमेरिकेत अर्थशास्त्रात पीएच.डी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘फेब्रुवारीपर्यंत काही विचारू नका’ म्हणते. फोन करावा तर चिडते. नेमकं काय चाललंय? (ठाणे)

काकू, ती बरोबर सांगतेय. अर्थशास्त्राच्या पीएच.डी.वाल्यांची नोकरभरती जवळजवळ सगळ्या जगात एकाच वेळी, एकाच पद्धतीने होते, आणि तिचं वेळापत्रक फार कडक असतं.

तिच्या प्रबंधातला एक निबंध ‘जॉब मार्केट पेपर’ ठरलेला असतो. ऑक्टोबर अखेरपर्यंत तो संकेतस्थळावर पूर्ण रूपात हवा. जागांच्या जाहिराती अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या ‘जो’ या यादीत येतात. शंभराच्या वर अर्ज करणं नेहमीचं आहे. प्रत्येकासोबत पेपर, सीव्ही, अध्यापनाचं टिपण आणि तीन पत्रं. बहुतेक मुदती नोव्हेंबरात. डिसेंबरच्या सुरुवातीला असोसिएशन प्रत्येक उमेदवाराला दोन ‘सिग्नल’ देते: फक्त दोन संस्थांना कळवायचं की मला तुमच्याकडे खरंच रस आहे. ते सगळ्यात वरच्या विद्यापीठांवर खर्च करणं वाया जातं. ज्यांना वाटेल ‘ही कशाला आपल्याकडे येते’, अशा ठिकाणी ते उपयोगी पडतात.

मुलाखती मुख्यतः डिसेंबर-जानेवारीत. पूर्वी त्या जानेवारीच्या अधिवेशनात हॉटेलच्या खोल्यांत होत. कोविडपासून पडद्यावर, अर्ध्या तासाच्या. पहिल्या दोन मिनिटांत निबंध सांगायचा असतो, आणि आरशासमोर पाठ केलेलं असलं तर ते लगेच दिसतं. त्यातून निवडलेल्यांना जानेवारी-फेब्रुवारीत विभागात बोलावतात. दिवसभर एकेका प्राध्यापकाला अर्धा-अर्धा तास भेटायचं, आणि मध्ये नव्वद मिनिटांचं सेमिनार. मॅक्रोच्या सेमिनारमध्ये दुसऱ्याच पानावर प्रश्न सुरू होतात. प्रस्तावनेत पंचवीस मिनिटं गेली की निष्कर्ष दाखवायला वेळच उरत नाही. म्हणून मुख्य निकालाचं चित्र पहिल्या पंधरा मिनिटांत दाखवावं, असं मार्गदर्शक बजावून सांगतात. मग हमखास येणारा प्रश्न: तुमच्या मॉडेलमधला अमुक गुणक आकड्यांतल्या नेमक्या कोणत्या गोष्टीवरून ठरतो? याचं उत्तर एका वाक्यात आलं नाही तर पुढचा तास जड जातो.

नेमणुका फेब्रुवारीत कळू लागतात. होकाराला अनेकदा दोनच आठवडे मिळतात. ज्यांना तोवर मिळालं नाही आणि ज्यांच्या जागा भरल्या नाहीत, त्यांच्यासाठी मार्चमध्ये ‘स्क्रॅम्बल’ नावाची दुसरी फेरी असते. म्हणजे फेब्रुवारी कोरडा गेला म्हणून सगळं संपत नाही. विद्यापीठांखेरीज मध्यवर्ती बँका, नाणेनिधी, जागतिक बँक हे सगळे याच बाजारात भरती करतात, आणि मॅक्रोवाल्यांना तिथे चांगली मागणी असते.

व्हिसाची काळजी तुमच्या पत्रात आहेच. विद्यापीठं एच-१बीच्या सोडतीत येत नाहीत, ही सोय जुनीच आहे. सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने अमेरिकेबाहेरून येणाऱ्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावलंय. तिचा विभाग ‘इकॉनॉमेट्रिक्स आणि क्वांटिटेटिव्ह इकॉनॉमिक्स’ या वर्गात नोंदलेला असेल, तर पदवीनंतर एक वर्ष आणि वर दोन वर्षं कामाची मुभा मिळते. नियम हलते आहेत. तिने विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला विचारावं, व्हॉट्सॲपच्या गटाला नव्हे.

तुम्ही काय करावं? ‘काय झालं?’ हे विचारू नका. दिवाळीचा फराळ मात्र वेळेत पोचेल असा पाठवा. नोव्हेंबरात अर्ज भरताना जेवणाची शुद्ध नसते.

अमेरिकी विद्यापीठात सहायक प्राध्यापक, तिसरं वर्ष. एक निबंध ‘सुधारून पाठवा’ अवस्थेत, दोन कच्चे. टेन्युअरपर्यंत जमेल? (ओहायोतून)

टेन्युअरला, म्हणजे कायम नेमणुकीला, कागदावर सहा वर्षं असतात, हातात पाच उन्हाळे. सहाव्या वर्षाच्या सुरुवातीलाच फाइल बाहेर जाते. नियतकालिकाचं पहिलं उत्तर तीन ते सहा महिन्यांत, सुधारायला सहा महिने ते वर्ष, मग पुन्हा परीक्षक. सगळं सुरळीत झालं तरी दोन-तीन वर्षं. चौथ्या वर्षाच्या अखेरीस प्रथमच पाठवलेला निबंध टेन्युअरच्या कामी येईल, यावर विसंबता येत नाही.

डेव्हिड कार्ड आणि स्टेफानो डेलाविन्या यांनी २०१३ मध्ये दाखवलं की पहिल्या पाच नियतकालिकांत स्वीकाराचं प्रमाण १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आलंय. तेव्हा तुमच्या विभागाला त्या पाचांतलंच हवंय, की जर्नल ऑफ मॉनेटरी इकॉनॉमिक्स किंवा अमेरिकन इकॉनॉमिक जर्नलचं मॅक्रो (एईजे मॅक्रो) चालतं, हे विभागप्रमुखांकडून स्पष्ट करून घ्या. तिसऱ्या वर्षाचा आढावा त्यासाठीच असतो. गोलमोल उत्तर मिळालं तर गेल्या पाच-सहा वर्षांत कोणाला टेन्युअर मिळालं आणि त्यांच्या फाइलीत काय होतं ते बघा. ते जाहीरच असतं.

आधी सुधारणेचा निबंध हातावेगळा करा. नवीन कल्पना कितीही खुणावत असली तरी. परीक्षकाच्या प्रत्येक मुद्द्याला क्रमांक देऊन उत्तर लिहा. जे मान्य नाही ते का नाही हे आकड्यानिशी, आणि पानाचा क्रमांक देऊन. दोन कच्च्यांपैकी एकच निवडा आणि या वर्षात पाठवा.

कोडची व्यवस्थाही आत्ताच लावा. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१८ मध्ये डेटा संपादक नेमला, आणि २०१९ पासून त्यांच्या नियतकालिकांत निबंध छापायच्या आधी तुमचा कोड दुसरं कुणीतरी चालवून बघतं. अडतं कुठे? फाइलचा पत्ता तुमच्या लॅपटॉपचा असतो. एक तक्ता एक्सेलमध्ये हाताने केलेला असतो. यादृच्छिक आकड्यांचं बीज ठरवलेलं नसतं, त्यामुळे प्रत्येक वेळी निकाल जरा वेगळा येतो. विकत घेतलेला डेटा कुठून आणि कसा मिळवायचा हे लिहिलेलं नसतं. चार वर्षांनी हे निस्तरायला दोन महिने जातात.

बाहेरच्या पत्रांचा विचारही आताच. आठ-दहा जणांना विचारतात. त्यांत तुमचे मार्गदर्शक आणि सहलेखक सहसा धरत नाहीत. ज्यांनी तुमचं काम कधी ऐकलेलं नाही ते चांगलं कसं लिहिणार? वर्षाला तीन-चार सेमिनार बाहेर द्या. पगार नऊ महिन्यांचा असतो. उन्हाळ्याचे दोन-नवमांश सुरुवातीच्या करारात किती वर्षं आहेत ते तपासा, नाहीतर ऐन गरजेच्या उन्हाळ्यात शिकवणी घ्यावी लागते.

शिकवता शिकवता रिझर्व्ह बँकेत किंवा नाणेनिधीत जाता येतं का? (नाशिक)

येतं. पतधोरण समितीत सहा सदस्य, त्यांपैकी तीन बाहेरचे, मुदत चार वर्षं, फेरनेमणूक नाही. २०१६ च्या पहिल्या समितीत भारतीय सांख्यिकी संस्थेचे चेतन घाटे, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या पामी दुआ आणि अहमदाबादच्या आयआयएमचे रवींद्र ढोलकिया हे तिघेही प्राध्यापक होते. गोरेगावच्या संस्थेतल्या आशिमा गोयल २०२० ते २०२४ सदस्य होत्या. रघुराम राजन शिकागोहून रजा घेऊन आले आणि २०१६ मध्ये परत गेले. गीता गोपीनाथ २०१९ मध्ये हार्वर्डहून नाणेनिधीत गेल्या, २०२५ मध्ये हार्वर्डला परतल्या. अमेरिकी विद्यापीठं अशी रजा बहुधा दोन वर्षंच देतात. त्यापुढे प्रत्येक वेळी नव्याने बोलणी. आणि टेन्युअरच्या आधी हा विचार करू नका. धोरणटिपणं टेन्युअरच्या समितीत जवळजवळ शून्य धरतात.

मॅक्रोच्या वरच्या पातळीवर कुणी मराठी नाव आहे का? (कोल्हापूर)

आहे, आणि जवळजवळ प्रत्येक न्यू केन्सियन मॉडेलच्या पोटात आहे. अविनाश दीक्षित, जन्म मुंबई, १९४४. झेवियर्स, केंब्रिज, एमआयटी, मग मुख्यतः प्रिन्स्टन. १९७७ मध्ये त्यांनी आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी अनेक थोड्या-थोड्या वेगळ्या वस्तूंची मागणी एका समीकरणात बसवली. त्यांचा प्रश्न बाजारातल्या स्पर्धेचा होता, मॅक्रोचा नव्हता. पण किमती हळूहळू बदलतात असं मॉडेलमध्ये दाखवायचं तर किंमत ठरवण्याची थोडी ताकद असलेला विक्रेता लागतो, आणि तो या समीकरणातून मिळतो. नागपूरच्या वाचकाच्या मॉडेलमध्येही तो असणारच.

परदेशात पीएच.डी. करून महाराष्ट्रात परत यायचं तर नेट द्यावी लागेल का? (रत्नागिरी)

पदवी देणारं विद्यापीठ क्यूएस, टाइम्स किंवा शांघाय यांपैकी एका जागतिक क्रमवारीत कधीही पहिल्या ५०० मध्ये असेल, तर २०१८ च्या नियमावलीनुसार नाही. त्या वर्षीच्या क्रमवारीचं पान छापून फाइलला लावा. परदेशी पदवीच्या समकक्षतेसाठी आयोगाने एप्रिल २०२५ मध्ये वेगळे नियम केले आहेत. तो अर्ज परतण्याआधी तिकडूनच करा, कारण मूळ विद्यापीठाकडून कागद मागवायला इथून महिने लागतात. गोरेगाव, सांख्यिकी संस्था, आयआयएम आणि नवी खासगी विद्यापीठं थेट आंतरराष्ट्रीय बाजारातूनच माणसं घेतात. तिथे अर्ज नोव्हेंबरात. राज्य विद्यापीठाची जाहिरात कधी निघेल याचा नेम नसतो, तेव्हा तिच्या भरवशावर तिकडची नोकरी सोडू नका.